मसाल्याची कृती छापताना ग्रॅम आणि भाजणीचा क्रम द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत साठवणीच्या मसाल्यांच्या कृती येऊ लागतात. वाचक त्या कापून ठेवतात, बाजारातून जिन्नस आणतात आणि एखाद्या रविवारी कढई चढवतात. पण बहुतेक कृतींत मजकूर असतो तो एवढाच: दोन वाट्या धणे, मूठभर दगडफूल, थोडी दालचिनी, सर्व जिन्नस खमंग भाजून मिक्सरमधून काढावे. ज्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे तिथे तेवढे पुरते, कारण हाताला अंदाज असतो. पहिल्यांदाच मसाला करणाऱ्याचा घात मात्र याच एका वाक्यात होतो. मसाला कडवट उतरतो, भांड्यात लगदा होतो, नाहीतर महिन्याभरात खवट वास मारतो. मग ‘आपल्या हाताला जमत नाही’ असे म्हणून माणूस पाकिटाकडे वळतो. दोष त्या हाताचा नसतो, छापलेल्या कृतीचा असतो.

म्हणून विनंती आहे. मसाल्याची कृती छापताना जिन्नस ग्रॅममध्ये द्यावेत, भाजण्याचा क्रम आणि भाजल्याची खूण द्यावी, आणि तो मसाला किती दिवस टिकेल तेही लिहावे.

वाटीचे माप मसाल्याला का चालत नाही, ते दगडफुलावरून चटकन कळते. दगडफूल म्हणजे दगडांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारी, बुरशी आणि शेवाळ यांची जोडगोळी, वजनाला पिसासारखी. दीडशे मिलीच्या वाटीत ते मोकळे भरले तर जेमतेम पाच-सहा ग्रॅम बसते आणि दाबून भरले तर दुप्पट. त्याच वाटीत धणे साधारण पन्नास ग्रॅम मावतात. एकीने मोकळे भरले आणि दुसरीने दाबले, की दुसरीच्या आमटीला मातकट, तुरट चव आलीच. शिवाय वाटी कोणती? आमटीची वाटी वेगळी, आमरसाची वेगळी. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा छोटा वजनकाटा आता सहज मिळतो. नसेल तर मोजून काम भागते: चांगल्या भरीव दहा-बारा लवंगांचा एक ग्रॅम होतो, पाच हिरव्या वेलदोड्यांचा एक ग्रॅम, वीस-पंचवीस मिरीदाण्यांचा एक ग्रॅम. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण ‘थोडी’ आणि ‘चिमूटभर’ यांपेक्षा कितीतरी बरे.

नावांचाही घोळ आहे. पुण्यातल्या कित्येक घरांत गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात. नगर-नाशिककडे काळा मसाला म्हटले की मिरची, कांदा, खोबरे काळपट भाजून केलेला तिखट मसाला डोळ्यांसमोर येतो. कोल्हापूर-साताऱ्याकडे कांदा-लसूण मसाल्याला सरळ ‘चटणी’ म्हणतात. त्यामुळे कृतीच्या मथळ्यात प्रांत दिला नाही, तर वाचक भलत्याच मसाल्याने भरली वांगी करतो. आणि गोडा मसाला म्हणजे गोड मसाला असा समज आता शहरांत सर्रास ऐकू येतो. गोडे तेल, गोडे वरण यातला जो ‘गोडा’, तोच हा. तिखटजाळ नसलेला, सौम्य. त्यात साखर नसते, गूळ नसतो. आमटीतला गूळ वेगळा पडतो.

आता नमुना म्हणून हाच मसाला घेऊ. चौघांच्या घराला सुमारे दोन महिने पुरेल असे हे प्रमाण आहे. धणे १०० ग्रॅम, किसलेले सुके खोबरे ४०, पांढरे तीळ २५, जिरे १५, ब्याडगी मिरची १० (देठ काढून आठ-दहा मिरच्या), शहाजिरे ५, निवडलेले दगडफूल ५, दालचिनी ५, मिरी ४, लवंग ३, तमालपत्र ३ (मध्यम आकाराची सात-आठ पाने), नागकेशर २, हिरवी वेलची २, चक्रीफूल २, जायपत्री १, हिंग ३, हळद ४, मीठ ५ आणि गोडे तेल दोन चहाचे चमचे. सगळे मिळून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. यातले नागकेशर किंवा जायपत्री मिळाली नाही तर अडत नाही. धणे, खोबरे, तीळ आणि दगडफूल मात्र हवेतच; तो या मसाल्याचा कणा आहे.

दगडफूल आधी निवडावे. त्यात सालीचे तुकडे, बारीक खडे आणि माती असते. ते धुऊ नये. पिठाच्या चाळणीवर हलकेच चोळून झटकावे आणि काळी खरखरीत साल वेचून टाकावी. या पाच मिनिटांचा कंटाळा केला तर आमटी दाताखाली कचकचते.

भाजणे हेच खरे काम, आणि ते जिन्नसागणिक वेगळे. कारण साधे आहे. लवंग, वेलची, दालचिनी, शहाजिरे यांचा वास त्यांच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. त्यांना फक्त गरम करून ते तेल जागे करायचे असते. जास्त वेळ ठेवले तर स्वयंपाकघर घमघमते आणि बरणीत काही उरत नाही. धणे, खोबरे आणि तीळ यांना मात्र रंग बदलेपर्यंत आच लागते, कारण त्यांची खमंग चव मुळात भाजण्यातूनच तयार होते. हे सगळे एकदम कढईत टाकले, की धणे होईपर्यंत शहाजिरे जळते, किंवा शहाजिऱ्याच्या बेताने उतरवले तर धणे कच्चे राहतात. ‘सर्व जिन्नस भाजून’ या शब्दांतली खोट ती हीच.

जाड बुडाची कढई घ्यावी आणि आच मंद ते मध्यम ठेवावी. शेजारी मोठी परात असू द्यावी. लोखंडी कढई गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे जिन्नस झाला की त्याच क्षणी परातीत उतरवला पाहिजे. कोरडे जिन्नस आधी घ्यावेत, तेलावरचे नंतर. कढईला एकदा तेल लागले की तीळ आणि जिरे एकसारखे भाजले जात नाहीत.

पहिल्यांदा तीळ, कारण कढई तेव्हा सर्वांत कमी तापलेली असते. दीड-दोन मिनिटांत ते तडतडायला लागतात. दोन-चार दाणे उडाले की उतरवावेत. सगळे तडतडेपर्यंत थांबलो तर कडवटपणा आलाच. मग जिरे दीड मिनिट. शहाजिरे तर केवळ अर्धा मिनिट, तेही गॅस बारीक करून.

धण्यांना वेळ द्यावा. शंभर ग्रॅम धण्यांना पाच-सहा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ उलथणे थांबता कामा नये. आधी हिरवट-पिवळा रंग जातो, मग दाणा मातकट दिसतो, नंतर बदामी. वासही तसाच पालटतो: सुरुवातीला ओल्या गवतासारखा, मग संत्र्याच्या सालीच्या अंगाने जाणारा, शेवटी भाजल्याचा. तो शेवटचा वास आला की एक दाणा उचलून, निववून दातांखाली धरावा. कट्‌कन तुटला तर झाला. चिवट लागला तर आणखी एक मिनिट. इथे घाई केली तर मिक्सरमध्ये धण्यांची सालपटे दळली जात नाहीत आणि मसाल्यात भुशासारखी राहतात.

सुक्या खोबऱ्याचा कीस कडेने आधी लालसर होतो आणि मध्ये पांढराच राहतो, म्हणून तो सारखा उलटावा. गव्हाळ तपकिरी रंगावर थांबावे, कारण परातीत पडल्यावरही तो आणखी एक छटा गडद होतो. कित्येक घरांत खोबरे यापुढे जाऊन काळपट करतात, मसाल्याला गडद रंग यावा म्हणून. ती चव ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहे त्यांनी खुशाल करावे. नवख्याने मात्र तिकडे जाऊ नये. काळपट आणि करपलेले यांत फक्त दहा-पंधरा सेकंदांचे अंतर असते.

आता कढईत एक चमचा तेल. दालचिनी आणि चक्रीफूल आधी खलबत्त्यात ठेचून घ्यावे. बाजारात मिळणारी बरीचशी दालचिनी जाड सालीची असते, अख्खी टाकली तर मिक्सरच्या पात्यांवर आदळत राहते. दालचिनी, चक्रीफूल, मिरी, नागकेशर, लवंग असे एकामागून एक घालावे. लवंग टम्म फुगली की ही तुकडी झाली. वेलची आणि जायपत्री अगदी शेवटी घालून लगेच सगळे काढावे. उरलेल्या तेलात तमालपत्र कुरकुरीत करावे, म्हणजे मुठीत चुरा होतो. मग मिरच्या, फुगेपर्यंतच. त्यानंतर दगडफूल. ते तेलात पडताच आक्रसते आणि त्याचा खोल, मातीसारखा वास सुटतो. पंधरा-वीस सेकंद, बस. दगडफूल कच्चे राहिले तर वास देत नाही आणि जळाले तर सगळ्या मसाल्याला राखेची चव देते. सर्वांत जास्त मसाले बिघडतात ते इथे.

हिंग खड्याचा असेल तर तो तेलात आधीच तळून, फुलवून घ्यावा आणि कुटावा. पूड असेल तर गॅस बंद करून कढईतल्या शेवटच्या कोमट तेलावर हिंग आणि हळद परतावी. हळद तापत्या कढईत टाकली तर काळवंडते.

परातीतले सगळे पूर्ण निवू द्यावे. मसाला गरम असतानाच दळला तर दोन गोष्टी होतात. मिक्सरच्या पात्यांची उष्णता आधीच्या उष्णतेत मिसळते आणि खोबऱ्या-तिळांतले तेल सुटून लगदा होतो. आणि वाफ झाकणाला लागून पुन्हा मसाल्यात उतरते. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल असते, तिळात जवळपास निम्मे. म्हणून तीळ आणि खोबरे एकटे कधीही फिरवू नयेत. आधी खडे मसाले मिठासोबत बारीक करावेत. मीठ खरखरीत असल्याने दळायला मदत करते. मग निम्मे धणे आणि जिरे. उरलेल्या निम्म्या धण्यांत खोबरे आणि तीळ मिसळून फिरवावे, म्हणजे सुटणारे तेल धण्यांचा भुगा शोषून घेतो. भांडे निम्म्याच्या वर भरू नये. दहा-पंधरा सेकंद फिरवायचे, थांबायचे, चमच्याने हलवायचे, पुन्हा फिरवायचे. गोडा मसाला किंचित रवाळ राहिलेला चांगला. मैद्यासारखी पूड करण्याच्या नादात तो तापतो. सगळे एकत्र करून हाताने चोळावे, तासभर पातळ कापडाखाली ठेवावे आणि मगच बरणीत दाबून भरावे.

एवढ्या मसाल्याचे सुमारे शंभर चहाचे चमचे होतात. शंभर ग्रॅम तूरडाळीच्या आमटीला दीड चमचा, सोबत पंधरा ग्रॅम गूळ आणि चार-पाच आमसुले किंवा तेवढ्याच आंबटपणाचा चिंचेचा कोळ. मसाला फोडणीच्या तेलात घालू नये, कारण तो आधीच भाजलेला असतो आणि त्यातले तीळ-खोबरे तेलात पुन्हा जळते. डाळीला उकळी आली की घालावा आणि पाच-सहा मिनिटे उकळू द्यावा. मसालेभाताला दोनशे ग्रॅम तांदळाला दोन चमचे भरून, आणि तिथेही भाज्या परतून पाणी घातल्यानंतर. कृतीखाली ही एक ओळ छापली तरी मसाला फुकट जायचा वाचेल.

टिकण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ‘वर्षभर टिकतो’ असे छापून मोकळे होण्याची पद्धत आहे. मिरची, धणे आणि हळद यांच्या नुसत्या पुडी बऱ्यापैकी टिकतात. खोबरे आणि तीळ असलेला मसाला टिकत नाही. दळल्यावर त्यांतले तेल हवेला लागते आणि खवट होऊ लागते. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेला गोडा मसाला दोन महिन्यांत संपवावा. फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या बरणीत चार महिने चालतो. ज्यांना वर्षाचा मसाला एकदाच करायचा असेल त्यांनी खोबरे आणि तीळ वगळून कोरडा मसाला करून ठेवावा. दर महिन्याला त्यातला ५० ग्रॅम घेऊन त्यात ताज्या भाजलेल्या खोबऱ्या-तिळांचा २० ग्रॅम कूट मिसळावा. चव वर्षाच्या शेवटीही ताजी राहते आणि भाजायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. ही युक्ती फार थोड्या कृतींत छापून येते, म्हणून मुद्दाम लिहीत आहोत.

बरणीचे चार शत्रू: हवा, उजेड, ऊब आणि ओल. गॅसच्या वरची फळी हाताशी असते, पण मसाल्याला तिथे चारही मिळतात. उकळत्या पातेल्यावर बरणी उपडी धरून मसाला झटकण्याची सवयही वाईट. वाफ सरळ आत जाते आणि आठवड्यात गुठळ्या होतात. वसई-वांद्र्याकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, घरांतला मसाला तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. बाटली मसाला हे नावच त्यावरून पडले. त्यात मोठे शहाणपण आहे: काचेचा गडद रंग उजेड अडवतो आणि ठासल्याने हवा राहत नाही. आपल्याकडे चिनी मातीच्या बरणीत थरांमध्ये हिंगाचे खडे ठेवतात, तेही कीड दूर राहावी म्हणूनच. पण अख्ख्या धण्यांतून किडीची अंडी आधीच आलेली असतील तर हिंग काही करू शकत नाही. आणलेले धणे आणि मिरच्या घट्ट पिशवीत आठवडाभर फ्रिजरमध्ये ठेवावेत, मग बाहेर काढून पिशवी न उघडताच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. लगेच उघडली तर दमट हवेतले पाणी दाण्यांवर धरते.

रोजच्या वापरातली धणे-जिरे पूड याहून फार सोपी आहे: वजनाने चार भाग धणे, एक भाग जिरे. ८० ग्रॅम धणे आणि २० ग्रॅम जिरे महिन्याला पुरतात. एकच विचार आधी करावा, की ती कुठे वापरायची. रस्साभाजीच्या तेलात पडणार असेल तर धणे-जिरे फक्त कोरडे, गरम होईपर्यंत भाजावे, रंग बदलू देऊ नये. उरलेले भाजणे कढईत होतेच. ताकावर, कोशिंबिरीवर वरून घालायची असेल तर मात्र पूर्ण भाजावी. एकाच डब्यातून दोन्ही कामे घेतली तर भाजीत ती करपते किंवा ताकात कच्ची लागते. तेलात घालताना चमचाभर पाण्यात कालवून घातली तर जळत नाही.

मेतकुटाला मसाला म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल, पण मऊ भात, तूप आणि मीठ यांवर ते जे काम करते ते मसाल्याचेच. हरभरा डाळ २०० ग्रॅम, उडीद डाळ १००, तांदूळ ५०, गहू २५, धणे १५, जिरे १०, मेथ्या ५, मोहरी ५, सुंठ ५, हळद ५, मिरी ३, हिंग २ आणि पाव जायफळ. डाळी वेगवेगळ्या, मंद आचेवर भाजाव्यात. उडदाची डाळ गुलाबी झाली पाहिजे, आणि दाण्याचा आतला भागही. बाहेरून रंग आला पण आत कच्ची राहिली तर मेतकूट टाळूला चिकटते आणि कच्च्या पिठाचा वास येतो. मोठ्या आचेचा हा नेहमीचा दोष. मेथ्या किंचित तांबूस झाल्या की लगेच उतरवाव्यात. इतर सगळे उत्तम झाले आणि पाच ग्रॅम मेथ्या जळाल्या, तर चारशे ग्रॅम मेतकूट कडू. दळून मैद्याच्या चाळणीने चाळावे. यात खोबरे-तीळ नसल्याने तीन महिने सहज राहते.

कांदा-लसूण मसाल्याच्या कृती सर्वांत जास्त छापल्या जातात आणि त्याच सर्वांत जास्त फसतात, कारण त्यात ओला कांदा आहे. घरगुती मिक्सरला झेपेल असे प्रमाण: ब्याडगी मिरची १५० ग्रॅम रंगासाठी, लवंगी किंवा संकेश्वरी १०० तिखटपणासाठी, कांदा २५०, सोललेला लसूण ७५, सुके खोबरे १००, धणे ६०, तीळ २५, जिरे १०, लवंग-दालचिनी-मिरी-दगडफूल मिळून १५, मीठ ४० आणि लागेल तसे तेल. मिरच्या कडक उन्हात दोन दिवस, हातात घेऊन दाबल्यावर मोडतील इतक्या वाळवाव्यात.

कांद्याच्या वजनात शंभरातले सत्त्याऐंशीच्या आसपास भाग पाणी असते. म्हणजे २५० ग्रॅम कांद्यात दोनशेहून अधिक ग्रॅम पाणी आहे आणि ते सगळे गेले पाहिजे. उभा पातळ चिरून एक-दोन दिवस उन्हात सुकवावा, मग थोडा थोडा तेलात तपकिरी, कुरकुरीत होईपर्यंत तळावा. झाला की नाही हे रंगावरून ठरवू नये, काट्यावर ठेवावा. तळून निथळलेला हा कांदा तेलासकट ६०-७० ग्रॅमवर उतरला पाहिजे. शंभर ग्रॅम भरला तर रंग कितीही सुंदर असो, आत ओल आहे, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर बरणीत वर पांढरी बुरशी दिसेल. लसणाचे काप करून तेही असेच कुरकुरीत करावेत. कोल्हापूर-सांगलीकडे कच्चा लसूण मिठासोबत डंकावर कुटतात आणि त्याची चव निराळीच येते. पण तिथे मिरची आणि मीठ जास्त असते, उन्हाळा कोरडा असतो आणि करणाऱ्यांना बरोबर ओल कळते. कोकणात किंवा मुंबईत करणाऱ्याने कच्चा लसूण घातलाच तर मसाला फ्रिजमध्ये ठेवून महिन्यात संपवावा.

मोठे प्रमाण असेल तर कांडपावर न्यावे. डंकाने कुटलेला मसाला आणि चक्कीवर दळलेला मसाला यांत फरक पडतो: डंक ठोकतो, चक्की घासते, आणि घासण्याने मसाला जास्त तापतो. आपल्या आधी तिथे काय कुटले गेले हे मात्र जरूर विचारावे. हळदीनंतर गोडा मसाला दिला तर त्याचा रंगच जातो.

घरचा मसाला म्हणजे आपोआप शुद्ध, हेही विधान पुरवण्यांत वारंवार येते. ते अर्धेच खरे आहे. २०२४च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय तयार मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड (जंतू मारण्यासाठी धुरीसारखा वापरतात तो वायू) सापडल्याचे जाहीर केले, तेव्हापासून लोक घरी दळण्याकडे वळले, ते चांगलेच झाले. पण जंतुनाशक धुरी किंवा शेतातले कीटकनाशक अख्ख्या जिन्नसावरही असू शकते. घरी दळल्याने ते जात नाही. घरी दळल्याने टळते ती पुडीतली भेसळ: तिखटातली विटेची भुकटी, हळदीतला रंग, धणे पुडीतला भुसा. अख्ख्या मालाची पारख मात्र स्वतःच करावी लागते. तेल काढून घेतलेली लवंग सुरकुतलेली आणि हलकी असते. ती पाण्यावर आडवी तरंगते. चांगली लवंग बुडते किंवा उभी राहते, आणि नखाने दाबली की ओलसर तेल लागते. मिरीत पपईच्या बिया मिसळतात. त्या लंबगोल, सुरकुतलेल्या आणि चवीला मिरीसारख्या झणझणीत नसतात. जायपत्री म्हणून रामपत्री गळ्यात मारतात; ती जास्त गडद लाल आणि वासाला मंद असते. हे सगळे कळायला माल सुटा आणि डोळ्यांसमोर घ्यावा लागतो. छापील कृतीत ‘उत्तम प्रतीचे जिन्नस’ एवढेच लिहिले तर वाचकाने उत्तम कशावरून ओळखावे?

शेवटी हिंगाबद्दल एक सूचना, आणि ती तुमच्या पाककृतीच्या पानासाठी फार महत्त्वाची आहे. बाजारातला नेहमीचा बांधानी हिंग म्हणजे निव्वळ हिंग नसतो. त्यात डिंक आणि बहुधा गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ असते. ज्यांना गव्हाचे पथ्य आहे असे कितीतरी वाचक ‘यात फक्त मसाले आहेत’ असे समजून गोडा मसाला आणि मेतकूट खातात. मेतकुटात तर गहूच आहे. कृतीखाली ‘यात गहू आहे, हिंगाच्या डबीवरील घटक वाचावेत’ एवढी ओळ छापली तरी त्यांची सोय होईल. तसेच तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी तिळाचा उल्लेख जिन्नसांच्या यादीत पहिल्या तिघांत यावा, कारण दळल्यावर तीळ डोळ्यांना दिसत नाहीत.

कळावे,
आपल्या वृत्तपत्राचे नियमित वाचक, पुणे